चेंबरवर बसलेला पाणीवाला

आमच्या हेंद्रेपाड्यात पाणीवाला व्हॉल्व्हच्या चेंबरवर बसलेला दिसला की वरच्या आळीतल्या बायका हंडे पालथे घालायच्या. खालच्या नव्या बिल्डिंगांचा व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय वरच्या आळीला पाणी चढत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग तो बंद करायच्या वेळेला पाणीवाला निवांत बसलेला असेल, तर त्याला कुणीतरी बसवलंय. चहा पाजून म्हणा, पाकीट देऊन म्हणा. हे आमचं शास्त्र होतं. ह्या शास्त्रावर मी सतरा अर्ज लिहिले आणि त्यातले सोळा खरे निघाले. सतरावा हरिचंद्रच्या विरुद्ध होता.

हरिचंद्र इथलाच, जुन्या गावठाणातला. वाडवडिलांची भातशेती होती, तिच्यावरच आता त्या बिल्डिंगा उभ्या आहेत. सत्त्याहत्तर साली तो पाणी खात्यात रोजंदारीवर लागला आणि पुढे कायम झाला. शाळा त्याने पाहिली ती बाहेरूनच. पण हेंद्रेपाड्याच्या जमिनीखाली काय चाललंय ते त्याच्याएवढं कुठल्या साहेबाला कळत नव्हतं.

त्याचं हत्यार म्हणजे चावी. चावी म्हटल्यावर कुलपाची समजू नका. माणसाच्या छातीएवढा उंच लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, वजन नऊ किलो. चेंबरचं झाकण उचलायचं, दांडा खाली व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायचा आणि मूठ धरून फिरवायचा. असे चौदा चेंबर. एकाला बावीस आटे, एकाला अठरा, मारुतीच्या देवळामागच्याला एकतीस. कुठेही लिहिलेलं नाही, सगळं त्याच्या डोक्यात. आटे फिरवून झाले की तो वाकून मुठीला कान लावायचा. दांड्यातून खालचं पाणी ऐकू यायचं म्हणे. एकदा किराणावाल्याच्या दुकानाखाली पाइप फुटलाय असं त्याने कान लावून सांगितलं. दुकानदाराने त्याला वेड्यात काढलं. आठव्या दिवशी गुळाच्या ढेपा भिजल्या.

चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीपासून वरच्या आळीचं पाणी घटायला लागलं. दीड तासाचा पाऊण तास झाला, एखाद्या दिवशी नुसता नळ खोकायचा. बायका माझ्याकडे आल्या. सगळ्यांत पुढे सुंदराबाई, कारण आळीतला शेवटचा नळ तिचा, म्हणजे पाणी आधी तिचं जातं. ती म्हणाली, तुझा तो हरिचंद्र रोज चौथ्या चेंबरवर राजासारखा बसलेला असतो.

मी ऐकीव गोष्टीवर अर्ज लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाऊन उभी राहिले. हरिचंद्र खरंच बसला होता. मांडीवर चावी आडवी, डोळे मिटलेले. समोर बिल्डिंगांच्या टाक्या भरून वाहत होत्या, भिंतीवरून पाण्याचे ओघळ येत होते. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "दादा, चहा भारी मिळालेला दिसतोय."

त्याने डोळे उघडले. "उठतंय, बाय," म्हणाला. आणि उठला नाही.

एवढं मला पुरलं. रात्रीच्या आत अर्ज तयार, एकशे बारा सह्या आणि अंगठे. माझा अर्ज साहेबाला पळवाट ठेवत नाही, एवढं मी अनुभवाने शिकलेय. तारखा, वेळा, टाक्या किती मिनिटं वाहिल्या, सगळं. पाणीवाला पैसे घेतो, हेही लिहिलं. ते मात्र मी पाहिलेलं नव्हतं.

आठ दिवसांनी दार वाजलं. उघडलं तर हरिचंद्र. हातात खात्याची नोटीस. मला वाटलं, भांडायला आलाय, म्हणून मी पदर खोचला. तो चपला काढून आत आला, भिंतीचा आधार घेत सावकाश बसला आणि नोटीस माझ्यापुढे सरकवली.

"ह्याचा उत्तर लिवून दे."

मी विचारलं, तक्रार कुणी केलीये ते माहीत आहे का. तो म्हणाला, साहेबाने कागद दाखवला, अक्षर वाचता येत नाही पण ओळखता येतं, त्याच्या पोरीच्या रेशनकार्डाचा अर्ज ह्याच अक्षरात होता.

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"दुसरा कोन तुज्यासारखा लिवतंय? तक्रार चांगली लिवलीस तर उत्तर पन चांगलाच लिवशील ना."

मी पाणी आणून दिलं. तांब्या संपवून त्याने आणखी मागितलं. मग खिशातून दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद काढला. परळच्या हॉस्पिटलचा. इंग्रजी होतं. मी अक्षर अक्षर जोडून वाचते, डिक्शनरी घरात आहे, पण हे शब्द तिच्यातही नव्हते. मल्टिपल मायलोमा. त्यानेच मग सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलेलं जसंच्या तसं. हाडाच्या आतल्या मगजाचा कॅन्सर. मगज चांगलं रक्त बनवायचं सोडून भलतंच बनवतो, हाडं पोकळ होतात, माणूस थकतो. पूर्ण जात नाही, गोळ्यांनी दबून राहतो.

दिवाळीच्या आसपास कंबर धरली होती. त्याला वाटलं चावीने धरली. तेल झालं, शेक झाला, एकाने पाय देऊन पाठ तुडवली, त्यात एक बरगडी गेली. मग अंबरनाथच्या डॉक्टरने रक्त बघितलं आणि चिठ्ठी देऊन परळला पाठवलं. घरात बायको सगुणाबाई सोडली तर कुणाला माहीत नव्हतं.

"दुखतंय त्याचा काय नाय," तो म्हणाला. "पन ह्यो थकवा. लावनी करून आलो की मानूस दमतंय, झोपला की थकवा जातंय. ह्यो जात नाय. मी सकाली उठायच्या आधी ह्योच उठून बसलेला."

चौथ्या चेंबरपर्यंत पोचलं की पायातून जीव जायचा. बिल्डिंगांचा व्हॉल्व्ह सोडलेला असायचा, तो बंद करायला उठायचं असायचं, आणि अंग उठायचं नाही. टाक्या वाहताना त्यालाही दिसत होत्या.

म्हणजे माझा अर्ज खरा होता आणि साफ खोटाही होता. मी कागद ओढला आणि म्हटलं, आत्ता असं उत्तर लिहिते की साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. कॅन्सर हा शब्द पहिल्याच ओळीत घालते. त्याने माझा हात धरला. आजार लिहायचा नाही. आमचं तिथे चांगलंच वाजलं. मी म्हटलं, नोकरी जाईल, अक्कल आहे का? तो म्हणाला, नोकरी जाणार नाही, चावी जाईल.

"आजार लिवलास की साहेब मना हापिसात खुर्ची देल. मी काय खुर्चीला कान लावू?"

शेवटी उत्तर असं लिहिलं. मी चेंबरवर बसतो हे खरं आहे. पैसे घेतो हे खोटं आहे. साहेबांनी तीन आठवड्यांनी स्वतः सकाळची पाळी पाहावी आणि मग काय ते ठरवावं. खाली त्याचा अंगठा. त्याच्या खाली मी माझ्या नावाने एक ओळ घातली: तक्रार लिहिणारी मीच आहे, पाहणीला हजर राहीन. सुंदराबाईला हे कळलं तेव्हा ती नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, पाणीवाल्याने पद्माबाईलाही चहा पाजला वाटतं. मी गप्प राहिले. माझ्या ओळखीचं कुणी असेल त्याला विचारा, हे मला किती जड गेलं असेल.

तीन आठवडे हातात होते. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर चौदाही चेंबर चालले. तो व्हॉल्व्ह फिरवतो त्यात फार ताकद जात नव्हती. ताकद जात होती ती ओझ्यात. नऊ किलोची चावी खांद्यावर घेऊन तो खालून वर, वरून पुन्हा खाली आणि देवळामागच्या चेंबरसाठी परत वर यायचा. हॉस्पिटलात त्याला बजावलं होतं, भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, हाड मोडेल. त्याला वाटलं होतं, बादली म्हणजे बादलीच.

सगुणाबाई बोलायला कमी, पण तिने एकच प्रश्न विचारला. चावी रोज घरी आणायची काय गरज आहे? चोरणार कोण?

पाणीवाल्याने चावी घरी न्यायची, देवाजवळ उभी करायची, हा रिवाज. तो मोडला. एक चावी खालच्या टोकाला राहिली, आणि दुसरी वरच्या टोकाला ठेवायची, म्हणजे चढावर ओझं नको, म्हणून बनवून घ्यायला मी आणि सगुणाबाई उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेलो. तिथे मधू नावाचा सिंधी वर्कशॉपवाला आहे, बोरिंगच्या पंपाची कामं करतो. त्याने नमुन्याची जुनी चावी उचलून पाहिली आणि म्हणाला, "बाई, ये चाबी है के त्रिशूल?" मग माणूस आजारी आहे म्हटल्यावर हसायचा थांबला. भरीव दांड्याऐवजी जाड पाइप घेतला आणि मूठ दोन्ही बाजूंनी वीतभर लांब केली. मूठ लांब म्हणजे जोर कमी लागतो. वजन निम्म्यावर आलं. आम्हाला वाटलं, हरिचंद्र खूश होईल. त्याने कान लावला आणि तोंड पाडलं. पोकळ दांड्यातून आवाज वेगळा येत होता, घुमल्यासारखा. आठवडाभर तो दोन्ही चाव्यांनी एकच व्हॉल्व्ह ऐकत बसला आणि नवा आवाज शिकला.

देवळामागचा एकतीस आट्यांचा आणि अकरावा, हे दोन व्हॉल्व्ह गंजलेले. ते शिवरामने घ्यायचे असं ठरलं. शिवराम संध्याकाळच्या पाळीचा पाणीवाला, आडदांड गडी, हरिचंद्रला गुरू मानणारा. त्याला खरं सांगावंच लागलं. तो तिथेच रडायला लागला. हरिचंद्रने त्याला झापलं, रडायचं तर घरी जाऊन रड, इथे आटे मोज.

आता राहिली गोळ्यांची भानगड. दर महिन्याला चार दिवस त्याला गोळ्या असायच्या. त्यातली एक गोळी अशी की त्या चार दिवसांत माणसाच्या अंगात वारं भरतं. झोप नाही, भूक जबर, हात शिवशिवतात. ह्या चार दिवसांत हरिचंद्र चौदा चेंबर करून वर झाकणांना रंग द्यायचा, घराची कौलं फिरवायचा. त्याला वाटायचं, बरा झालो. पाचव्या दिवशी जो आडवा व्हायचा तो आठवडाभर, पाळी तेवढी कशीबशी ओढायचा. मी माझ्या अर्जातल्या तारखा काढल्या आणि सगुणाबाईच्या कॅलेंडरवरच्या गोळ्यांच्या खुणांशी लावून पाहिल्या. वरच्या आळीचं पाणी बुडाल्याची प्रत्येक तारीख त्या आठवड्यातली. माझ्या अर्जाचा एवढा उपयोग कुठल्याही साहेबाने कधी केला नव्हता.

सगुणाबाईने तिथल्या तिथे निकाल दिला. अंगात जोर असेल तेव्हा बसायचं. जोर नसेल तेव्हा थोडं चालायचं. गोळ्यांच्या दिवसांत ती त्याला कौलांवर जाऊ देत नसे, शिडी शेजारच्या घरात नेऊन ठेवली. आणि पडून राहायच्या आठवड्यात तीच त्याला उठवून दोन चेंबरांपर्यंत नेऊन आणायची. परळच्या नर्सबाईने सांगितलं होतं म्हणे, दिवसभर लोळलास तर पाय विसरतील. तो कुरकुरायचा, पण चालून आल्यावर जेवायचा. शिवाय दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं, मूत्रपिंडासाठी. सगुणाबाई म्हणायची, आयुष्यभर दुसऱ्यांना पाणी सोडलं, आता स्वतःला सोडा.

पाहणीचा दिवस आला तो नेमका गोळ्या संपल्यानंतरचा तिसरा. सर्वांत वाईट. आदल्या दिवशी सगुणाबाई म्हणाली, सगळी पाळी शिवरामला करू दे. हरिचंद्र म्हणाला, मग साहेब शिवरामला बघून जाईल.

साडेपाचला पाणी खात्याचे हेमचंद्र साहेब अंबरनाथहून स्कूटरवर आले. तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ आणि नजर घड्याळावर. हरिचंद्रने पहिला चेंबर उघडला. दुसरा. तिसरा. चौथ्याजवळ बिल्डिंगांचं पाणी चालू केलं आणि झाकणावर बसला. मांडीवर हात, डोळे मिटलेले.

वरच्या बाजूला आळीतल्या बायका रांगेने उभ्या होत्या. सुंदराबाईने हंडा दगडावर पालथा घातला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हरिचंद्रकडे बोट केलं. हरिचंद्रचे ओठ हलत होते, तो मोजत होता. साठपर्यंत, पुन्हा साठपर्यंत, असं पंधरा वेळा, हे मला माहीत होतं कारण ते आम्हीच ठरवलं होतं: थकून पडायच्या आत बसायचं, पडल्यावर नाही. मग तो उठला आणि वेळेवर बावीस आटे फिरवून बिल्डिंगांचं पाणी बंद केलं. एकही टाकी वाहिली नाही.

सातव्यावर बसला. दहाव्यावर बसला. गंजलेले दोन शिवरामने फिरवले. चढावर हरिचंद्रचे पाय लटपटत होते, चेहरा चुन्यासारखा. सगुणाबाई पाण्याची बाटली घेऊन दहा पावलं मागे चालत होती, जणू बाजाराला निघालीय. चौदाव्याला वरची नवी चावी भिंतीला टेकून वाट बघत होती. त्याने ती उतरवली, फिरवली, कान लावला.

"आला," म्हणाला.

सुंदराबाईचा नळ एकदा खोकला आणि मनगटाएवढी धार लागली. सहा वाजून चाळीस मिनिटं. महिन्याभरात एवढ्या लवकर आलं नव्हतं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, डायरीत लिहिलं. मग म्हणाले, काम चोख आहे, मला मान्य आहे, पण हे तीन-तीनदा बसणं मला पटलेलं नाही.

"बसतंय म्हनून पोचतंय, साहेब," हरिचंद्र म्हणाला.

आणि मला लिहू न दिलेलं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दुधाची पिशवी काढून कागद दिला. साहेब शिकलेले, त्यांनी एका नजरेत वाचला आणि दुसऱ्यांदा सावकाश वाचला. बायका नळावरून जवळ आल्या होत्या. पाणी हंड्याबाहेर वाहत होतं तरी कुणाचं लक्ष नव्हतं. साहेब खालच्या आवाजात म्हणाले की असं असताना तुम्ही हे काम करायलाच नको, ऑफिसात टपालाची जागा रिकामी आहे, बसून करायचं काम आहे.

हरिचंद्र चावीची मूठ धरून खाली बघत राहिला. त्याला ज्याची भीती होती तेच झालं होतं. आणि साहेब वाईटही बोलत नव्हते.

बोलली सुंदराबाई. "खुर्ची द्यायचीच तर चौथ्या चेंबरवर आणून ठेवा की. हापिसात आमचा नळ दिसतो काय?"

आधी साहेब हसले, मग बायका. त्यांनी पुन्हा डायरी उघडली. शेवटी ठरलं ते असं: सकाळची पाळी हरिचंद्रची, जोडीला शिवराम. संध्याकाळची आधीसारखी शिवरामचीच. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांचा कागद. चावी हरिचंद्रकडेच. सुंदराबाईने माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही, पण संध्याकाळी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पाठवली. चहाचा विषय तिने पुन्हा काढला नाही, मीही नाही.

त्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. सगळे दिवस सारखे गेले असं नाही. शहाण्णवच्या उन्हाळ्यात दोन महिने तो अंथरुणालाच होता, दोनदा रक्त चढवावं लागलं. तेव्हा शिवराम रोज पाळी संपली की त्याच्या उशाशी बसून कुठल्या चेंबरला कसा आवाज आला ते तोंडाने काढून दाखवायचा. एकदा त्याने घुर्र असं केलं तर हरिचंद्र पडल्या पडल्या म्हणाला, नवव्याच्या पुढे माती शिरलीय, खणा. खणलं. शिरलेली होती.

मग तो पुन्हा उठला. आता चौदापैकी सहा चेंबर करतो, बाकीचे शिवराम. रंग देणं बंद, कौलं बंद. दुपारी दोन तास झोपतो आणि कुणी भेटायला आलं तर सगुणाबाई दारातून परत पाठवते, मलासुद्धा. पोरीच्या लग्नात त्याने हळदीला नाच केला नाही, खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी वेळेवर सोडलं. मला म्हणाला, आधीचा हरिचंद्र नाचला असता आणि गावाला पाणी मिळालं नसतं. तो सुखात आहे का, असं मी त्याला कधी विचारलेलं नाही. असे प्रश्न विचारले की तो उठून जातो. पण कान लावतो तेव्हा त्याचं तोंड बघा.

चौथ्या चेंबरजवळ सुंदराबाईने एक घडीव दगड आणून टाकलाय, वर गोणपाट. हरिचंद्र तिथे बसला की वरच्या आळीतल्या बायका हंडे सरळ करतात. एकदा तो परळला गेला होता आणि शिवराम एकटाच पाळीवर होता. धडधाकट माणूस, भराभर फिरवत चौथा ओलांडून पुढे गेला. वरून सुंदराबाई ओरडली, अरे बसला नाहीस, आज पाणी नाही काय?

तेव्हापासून शिवरामसुद्धा चौथ्यावर क्षणभर टेकतो.